गारवाघर उद्यापासून

— नाही, नाही, ताई, तुम्ही दार वाजवलंत ते बरोबरच केलंत, दार वाजवायलाच असतं, हे मी परवाच्या बैठकीत ठणकावून सांगितलंय सगळ्यांना — हे दार खालच्या गल्लीतल्या माणसांसाठी आहे, वसाहतीतल्या म्हाताऱ्यांना पत्ते कुटायला नाही! — फक्त जरा ओढून घेतो हं, गारवा सगळा बाहेर जातो. हं. आता बोला. थांबा, तुम्ही काय बोलणार ते मला माहीत आहे. सासऱ्यांना आत बसवायचंय. बरोबर? घरावरचे पत्रे तापलेत, आत बसवत नाही, सकाळपासून त्यांना गरगरतंय, आणि आमच्या त्या फलकावर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय — ‘गारवाघर : उन्हाच्या वेळी, सर्वांसाठी’. ऊन तर आहे. सर्वांमध्ये तुम्हीही येता. मग घोडं अडलंय कुठे? — हाच, अगदी हाच प्रश्न मी आमच्या ज्येष्ठांना रोज विचारतो! तुम्ही माझ्या तोंडचा प्रश्न काढून घेतलात. आजोबा कुठेत? हां, तिकडे फलकाच्या सावलीत बसलेत, दिसतायत इथून. बसू दे, छान आहे तिथे. फलक मोठा करून घेतला ते बरं झालं, मी तेव्हा विरोध केला होता. — डोळे? लाल दिसतात? झोपेने नाहीत हो, रागाने. मी हल्ली सतत रागात असतो.

तुम्हाला आमचे ज्येष्ठ माहीत नाहीत ना, म्हणून तुम्ही एवढ्या शांत. आमचे तीर्थरूपच घ्या. समितीचे अध्यक्ष. घरी बाप, इथे अध्यक्ष, दोन्हीकडे दुसऱ्याचं ऐकायचं नाही हा नियम. आयुष्यभर गाड्यांच्या कारखान्यात साहेब म्हणून बसले, धूर कुठे जातो हे एकदा मान वर करून बघितलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात पृथ्वीची काळजी करायला लागले. सायकल घेतली. ती सायकल गाडीच्या टपावर बांधून टेकडीपर्यंत नेतात, तिथे चालवतात, परत टपावर बांधून आणतात! मी म्हटलं, बाबा, हे काय आहे? तर म्हणाले, “सुरुवात महत्त्वाची.” सगळ्यांची सुरुवातच चालू आहे, ताई, ह्या पिढीची. आणि दुसऱ्या आमच्या प्राचार्य काकू — सेक्रेटरी. शाळेतून निवृत्त झाल्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. त्यांच्याकडे कापडी पिशव्या इतक्या जमल्यात की ठेवायला प्लास्टिकची मोठी पेटी आणावी लागली. बैठकीत बोलायला हात वर करावा लागतो. बाबासुद्धा करतात! आणि विषय काय? — दार. हे गारवाघर बांधायचं ठरलं तेव्हा दार कुठल्या बाजूला ठेवायचं ह्यावर एवढं चर्चेचं गुऱ्हाळ चाललं की विचारू नका. तुमच्या गल्लीच्या बाजूला ठेवावं तर तिकडून झळा येतात, आतलं थंड राहत नाही. वसाहतीच्या बाजूला ठेवावं तर गल्लीतल्या माणसांनी यायचं कसं? शेवटी काय ठरलं? दार इकडे, फलक तिकडे. म्हणजे तुम्हाला वाचायला जवळ, यायला लांब! फाटकावरच्या रखवालदाराने अडवलं ना आत्ता? अडवणारच. त्याला सांगितलंय, ओळखीशिवाय सोडायचं नाही. मी त्यालाही विरोध केला होता. लेखी.

हो, हो, चक्कर येतेय ते कळलं मला. पाणी दिलंत ना? द्या, घोट घोट द्या. एकदम नको.

पण मुळात हे सगळं उभं राहिलं कोणामुळे, हे तुम्ही विसरू नका, ताई, हे तर मी उद्याच्या प्रास्ताविकातच घातलंय — तुमच्या सासूबाईंमुळे. मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्या नसत्या तर आमची वसाहत जागीच झाली नसती. खरं सांगतो. एक बाई भर दुपारी स्वतःच्या घरात, तापलेल्या पत्र्याखाली बसल्या बसल्या जाते, आणि भिंतीच्या अलीकडे आमच्या घरांत लोक पांघरूण घेऊन झोपलेले असतात! — हे मीच बोललो होतो शोकसभेत. प्राचार्य काकू रडल्या. एसी एवढा होता त्या सभागृहात की रडता रडता शाल काढली त्यांनी पिशवीतून. कापडी. त्याच सभेत ठरलं, आपण एक समुदाय उभा करायचा — वसाहत आणि गल्ली मिळून, वातावरणाच्या प्रश्नावर, न्यायाच्या प्रश्नावर, एकत्र. भिंत नको. म्हणजे भिंत राहील, पण मनातली नको. सासूबाईंचा फोटो आहे आत. केवढा मोठा केलाय बघाल तुम्ही उद्या. समोरच्या भिंतीवर, कूलरच्या बरोबर समोर.

काय? आज का नाही?

सांगतो ना. तेच सांगतोय. ऐका. ह्यात माझा काही दोष नाही, उलट तुमच्यासाठी मी केवढी लढाई लढलोय हे तुम्हाला कोणी सांगणार नाही, म्हणून मलाच सांगावं लागतंय. उद्या उद्घाटन. फीत आहे, खुर्च्या आहेत, भाषणं आहेत — मला हे सगळं मान्य नाही, फितीला तर माझा कायमचा विरोध — पण ज्येष्ठांना फितीशिवाय दारातून आत जाता येत नाही, त्याला कोण काय करणार! तर बाबांनी ठरवलं होतं, उद्घाटन त्यांच्या जुन्या कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या हस्ते करायचं. धुराडेवाल्यांच्या हस्ते! मी उभा राहिलो. हात वर न करता उभा राहिलो! म्हटलं, लाज वाटत नाही? ज्यांच्या घरातलं माणूस उन्हाने गेलं, त्यांनीच ह्या घरात पहिलं पाऊल टाकायला हवं. दुसऱ्या कोणीही नाही. म्हटलं, आजोबांच्या आधी ह्या उंबऱ्याच्या आत एकही पाऊल पडता कामा नये, नाहीतर मी चाललो. बाबा लाल झाले. पण काकूंना पटलं, म्हणाल्या, “पोरगा शिकला नाही, पण बोलला बरोबर.” आणि ठरलं! उद्या आजोबा इथून, ह्या पायरीवरून, हळूहळू चालत येतील, फीत कापतील, आणि पहिलं पाऊल आत टाकतील — त्यांच्याच घरचा फोटो समोर. फोटोवाला त्याच वेळी समोरून फोटो घेणार. वर्तमानपत्रवाले येतायत. आता मला सांगा, ताई, तुम्ही समंजस आहात — मी त्यांना आज दुपारी असंच आत बसवलं, तर उद्याचं पहिलं पाऊल कुठलं राहिलं? त्याचा अर्थच गेला की! आणि ते दुसऱ्या कोणाचं नाही, त्यांचंच पाऊल आहे, त्यांचाच मान आहे, तो मीच त्यांच्याकडून काढून घेऊ? मी? माझ्या हातून नाही व्हायचं ते.

मी आत होतो? हो, मी होतो, पण माझं पाऊल त्या अर्थाने पाऊल नाही. मी कार्यकर्ता आहे. रंगारीपण गेले आत, सुतार गेले, त्यांना कोणी धरतं का?

हा घुर्र आवाज ना? कूलर. चालू आहे. हो, आत्ता चालू आहे. दोन आहेत. — नाही, नाही, रिकाम्या खोलीत कशाला चालवू, वीज काय फुकट येते? आत रोपं आहेत. उद्या तुमच्या गल्लीत घरटी एक रोप द्यायचंय ना, ती. सगळी जमीन भरलीय, पाय ठेवायला जागा नाही. नाजूक जात आहे, काकूंनी लांबून मागवली, सावलीला फार छान, पण सुरुवातीला ऊन अजिबात सोसत नाही. काल गाडीतून उतरवून इथे पायरीवर ठेवली तर तासाभरात माना टाकल्या त्यांनी. काकू एवढ्या ओरडल्या माझ्यावर! “जीव आहे तो, जीव! तुला काही वाटतं की नाही?” मग रात्रीच कूलर लावून घेतले. आता टवटवीत झालीत एकदम. तुम्हाला दाखवलं असतं, पण —

कुठे लावणार? तुमच्या दारात. दारात जागा नाही? गल्ली दोन हातांची आहे हे मला माहीत आहे, ताई, मी आलोय पाहणीला. कुंडीत लावा. पाणी? हां, पाणी… पाणी आलं की घाला. हे बघा, अडचणी सांगायच्या तर सांगत बसता येतील. तुम्हीही ज्येष्ठांसारखं करायला लागलात. कधीतरी सुरुवात करायलाच हवी ना!

माझ्यावर नका चिडू. मी तुमच्या बाजूचा आहे. मी कशाकशावर पाणी सोडलंय तुम्हाला कल्पना आहे? इंजिनिअरिंगचं कॉलेज सोडलं मी. तिसऱ्या वर्षाला. सगळ्यांनी वेड्यात काढलं. मी म्हटलं, जग जळतंय आणि मी तुळईवरचा भार कसला मोजत बसू? सोडलं. म्हणजे — त्यांनीही एका विषयाच्या परीक्षेला बसू दिलं नाही, हजेरी भरत नव्हती, पण ते नंतर. मनाने मी आधीच सोडलं होतं. तेव्हापासून मी ह्याच कामात आहे. बिनपगारी. जेवण घरचं, राहणं घरचं, बाकी एका कवडीची अपेक्षा नाही. सगळी वसाहत मला म्हणते, बापाच्या जिवावर उड्या मारतो. मारतो! कोणीतरी मारायला नकोत? ह्यांनी आयुष्यभर पगार घेतले आणि आम्हाला काय ठेवलं — ऊन! हे असलं ऊन! — बापरे, खरंच, पाय पोळतायत हो चपलेतून. तुम्ही कशा उभ्या राहता? जरा इकडे या ना, दारापाशी. फटीतून येतंय थोडं थोडं. लागतंय? बघा. मी सरकतो थोडा. नाही, एवढंच.

आजोबा! ओ आजोबा! सावली सरकलीय, डावीकडे व्हा थोडं! डावीकडे! — ऐकू कमी येतं का त्यांना? हात हलवला. हलवला ना? झालं तर.

आणि ती भिंत बघा. बघा ना, मान वर करून बघा — आमच्या चारही इमारतींची मागची भिंत. ती सगळी खोकी बघताय? एकूण एक एसीचं खोकं तुमच्या गल्लीच्या बाजूला लावलंय. पुढून दिसायला वाईट दिसतं म्हणून. म्हणजे आमच्या खोल्यांमधला उकाडा उचलायचा आणि तुमच्या पत्र्यांवर ओतायचा! ह्याला मी म्हणतो अन्याय. ह्यावर मी एक तास बोललो होतो, पडद्यावर चित्रं दाखवून. — ते तिसऱ्या मजल्यावरचं? ज्याचं पाणी गळायचं तुमच्या छपरावर? हां, ते… ते आमचंच. माझ्या खोलीचं. पण ते मी नाही बसवलं, बाबांनी बसवलं, मी फक्त त्या खोलीत राहतो. आणि ते बंद आहे सध्या. चार दिवस झाले बिघडलंय, दुरुस्तीवाला यायला तयार नाही, ह्या दिवसांत त्यांचे भाव काय चढलेत! मी एका अक्षराने तक्रार केलेली नाही. काल रात्री गुपचूप चटई उचलली आणि इथे आलो. रोपांची राखण पण होते. दाराजवळ एवढीशी जागा आहे, माझ्यापुरती — म्हणजे एका माणसाला पाय पोटाशी घेऊन कसंबसं — नाही, आजोबांना नाही पुरायची. त्यांना अवघडेल.

फोन करू म्हणता? बाबांना? आत्ता? आत्ता झोपलेत ते. दुपारी झोपतात. उठवलं तर — नाही, भितो कसला? मी? मी त्यांना भर बैठकीत ‘तुमच्या पिढीने खाल्लं आणि आमच्या पिढीला ताटं घासायला ठेवली’ असं तोंडावर म्हटलेला माणूस आहे. ते फक्त हसले. म्हणाले, “घरी एकदा तरी ताट घासलंयस का?” असली माणसं. मूळ प्रश्न सोडून द्यायचा आणि ताटाला धरून बसायचं! भीतीबिती काही नाही. पण आमचं एक ठरलंय. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, तुम्हाला सांगतो, तुम्ही काही कोणाला सांगणार नाही. उद्याचा कार्यक्रम ठरल्याबरहुकूम, कुठेही फाटे न फुटता पार पडला, तर बाबा कॉलेजचा विषय काढणार नाहीत. वर्षभर. आणि मला समितीत घेणार — रीतसर, पदावर. फाटा फुटला तर सोमवारी मी बाबांबरोबर कॉलेजात, प्राचार्यांच्या केबिनमध्ये, माफी मागायला. हात जोडून. मी! तुम्हाला चालेल का ते? मी गेलो कॉलेजात, तर तुमच्यासाठी इथे भांडणार कोण? विचार करा जरा. मी माझ्यासाठी नाही बोलत. एका दुपारसाठी तुम्ही तुमचा एकुलता एक माणूस घालवाल.

म्हणजे — मी माझ्याबद्दल म्हणत होतो. तसं नाही म्हणायचं होतं मला.

असं नका बघू. हे बघा, मी तुमच्यासाठी आणखी एक करून घेतलंय. उद्या तुम्ही बोलणार आहात. व्यासपीठावरून. दोन मिनिटं. आजवर गल्लीतलं कोणी तिथून बोललं नाही, मी म्हटलं, आपण त्यांच्या वतीने बोलायचं बंद करा, त्यांचा आवाज ऐकू द्या! तुमचं मनोगत मी लिहून ठेवलंय, अगदी तुमच्याच शब्दांत. ‘मी काजं-बटणं करणारी एक साधी बाई…’ अशी सुरुवात. मग थोडं सासूबाईंबद्दल, मग पत्र्याबद्दल, मग समितीचे आभार — ते बाबांनी घालायला लावले, माझं नाही ते. शेवट मात्र माझा आहे, जहाल आहे. ‘आम्हाला दया नको, न्याय हवा!’ तिथे जरा थांबायचं. टाळ्या येतील. तुम्हाला काही बदलायचं असेल तर सांगा, मी बघतो बसतं का. — आत्ता काही बोलायचंय? बोला की. बोला, बोला, मी कधी अडवलं? मी पहिल्यापासून तेच तर म्हणतोय, बोललं पाहिजे तुम्ही. फक्त माझं एवढं एक होऊ दे —

कुठे निघालात? हां, आजोबांकडे. बरोबर आहे, घरी घेऊन जा त्यांना, ओलं फडकं ठेवा डोक्यावर. किंवा असं करा, कोपऱ्यावर पैसे काढायच्या मशीनची खोली आहे ना, तिथे बसवा थोडा वेळ, मस्त गार असतं. उठवतात? कोण, तिथला रखवालदार? त्याला माझं नाव सांगा. सांगा, गारवाघरवाल्यांनी पाठवलंय. आणि उद्या पाचला. नवा सदरा असेल तर तो घाला म्हणावं. वाटेतून मागे वळू नका म्हणावं, सरळ फितीकडे… उठवताय त्यांना? सावकाश. खांद्यावर घेतलं? चांगलं. मला यायचं होतं मदतीला, पण दार सोडून — अहो, इकडे नाही. ताई, घर तिकडे. इकडे कुठे आणताय त्यांना? आत्ता एवढं सांगितलं ना मी? आजोबा, तुमचं उद्या आहे! उद्या, आजोबा! पाचला! — ऐका, ताई, सरका म्हणून काय, मी सरकणार नाही, हे तत्त्वाचं — अहो, हात लागतोय तुमचा! हे बरं नाही. मी तुमच्या बाजूचा आहे! दार पुरतं नका उघडू, गारवा — आणि पाय कुठे देतील ते? जागा नाही म्हटलं ना मी, जमीन सगळी भरलीय — खाली बसवलंत? माझ्या चटईवर? बरं, बसवलंत ते बसवलंत, पाच मिनिटं, पण पाय त्यांनी पोटाशी — नाही, ते नका उचलू. ते नका उचलू, ताई, उद्याची आहेत ती, मोजून आणलीत! कुठे नेताय? पायरीवर? अहो, एवढी सगळी? हे कोण आलं आणखी? ओ काकी, तुम्ही नका हात लावू — ए, तू कोण? रखवालदाराने सोडलं कसं तुम्हाला? ताई, त्यांना थांबवा, तुमचं ऐकतील ते. तुम्ही समंजस आहात. लोकांना आत घ्यायचं तर घ्या, बाबांना मी सांगीन काहीतरी, पण ती रोपं — तिथे नका मांडू, तिथे एक कण सावली नाही! उन्हात नका ठेवू हो त्यांना! अहो, जीव आहे तो, ताई, तासाभरात मरतील ती!